राहिली, राहून गेली

मराठवाड्यातल्या आपल्या घरांतली जुनी माणसे खुलताबादला खुलताबाद म्हणत नाहीत. तालुक्याच्या पाटीवर ते नाव असते, इतिहासाच्या पुस्तकात 'खुल्दाबाद' असते. पण दादी-नानीच्या तोंडी नाव एकच, 'रौजा'. "जुमेरात कू रौजे जाना है," असे ठरले की आदल्या रात्रीपासूनच घरात डबे भरायची गडबड सुरू व्हायची. रौजा या अरबी शब्दाचा मूळ अर्थ बाग. पुढे तो थोरांच्या मजारीसाठी वापरला जाऊ लागला. बाग आणि कबर एकाच शब्दात सुखाने नांदावीत, तसेच हे गाव आहे.

औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, रौजा सुमारे २५ किलोमीटर. छावणी मागे पडली की मिटमिटा, मग दौलताबादचा किल्ला, तिथून घाट चढला की गाव. वेरूळची लेणी आणखी चार-पाच किलोमीटर पुढे. सहलीच्या बस बहुधा किल्ला पाहून सरळ वेरूळ गाठतात. रौजात उतरतात ते जियारतीला आलेले लोक, आणि भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी येणारे भाविक. दोघांची वाट एकच, चहाची टपरीही एकच.

या दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघी तिथे जाऊन आलो. तिघीही शिक्षिका, तिघीही चाळिशी ओलांडलेल्या. २००२-०३ साली औरंगाबादेत एकाच महाविद्यालयात बी.एड. केले, अध्यापन पद्धती उर्दू आणि मराठी. तेव्हा आम्ही चौघी होतो. वसतिगृहात नावांपेक्षा गावेच चालायची : जालनावाली, परभणीवाली, सिल्लोडवाली आणि उदगीरवाली. त्यातली उदगीरवाली या वेळी नव्हती. ती सध्या कुठे असते, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

तिघींनी एकत्र बाहेर पडायचे म्हणजे किती घरांची घडी बसवावी लागते, हे वाचणाऱ्या भगिनींना सांगायला नको. कुणाच्या सासूबाईंची शुगर तपासायची होती, कुणाच्या मुलाचा दहावीचा क्लास होता. नवरे मंडळींनी मात्र आनंदाने होकार दिला. गंमत वाटली ती एका लेकीच्या प्रश्नाची. आई मैत्रिणींबरोबर दिवसभर जाणार म्हटल्यावर ती म्हणाली, "अम्मी, आपकी भी फ्रेंड्स हैं?" तिने आईच्या बहिणी पाहिल्या होत्या, नणंदा-जावा पाहिल्या होत्या, शाळेतल्या सहकारी शिक्षिका पाहिल्या होत्या. आईला मैत्रीण असते, हे तिला नवे होते.

दिल्लीहून आलेली माणसे

दौलताबादला रस्ता तटाच्या जुन्या दरवाजातून जातो. सुटीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते. रांगेत अडकलो म्हणून सीताफळे घेता आली. टोपल्या घेऊन बसलेल्या बायका फळ दाबून, डोळा उघडलेले निवडून देत होत्या. "आज खायचे का उद्या?" एवढेच विचारायचे आणि त्याप्रमाणे हात टोपलीत घालायचा.

इथेच यादवांची देवगिरी. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि गावाचे नाव दौलताबाद ठेवले. शाळेच्या पुस्तकात हा सगळा प्रसंग दोन-चार ओळींत संपतो. लहरी सुलतान, फसलेला बेत, परत दिल्ली. मुले ते पाठ करतात आणि तपासताना आपण बरोबरची खूण करतो. पण किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहिले की ते हजार किलोमीटरहून अधिक अंतर दिसू लागते. आलिम, सुफी, सैनिक, कारागीर, शायर, त्यांच्या बायका, म्हातारे आईबाप, कडेवरची पोरे. सुलतान पुढे परत गेला, बरेच लोकही परतले. पण काही जण इथेच राहिले. आज आम्ही घरात जी दखनी बोलतो, जिच्यात मराठीतला 'नको' हा 'नक्को' होऊन बसला आहे, तिची एक मुळी याच वाटेने इथवर आली. औरंगाबादच्या नान-खलियाचीही गोष्ट तुघलकाच्या लष्करापर्यंत नेऊन सांगतात.

शेजार सोडून आलेल्या त्या माणसांत किती जणांच्या मैत्रिणी, किती जणांचे दोस्त दिल्लीला राहिले असतील, याची नोंद कुठल्या तवारीखमध्ये नाही. एकाची मात्र आहे, आणि त्याची कबर रौजात आहे.

हसन आणि खुसरो

रौजा म्हणजे बुजुर्गांचे गाव. हजरत मुन्तजिबुद्दीन जरजरी जरबख्श (रह.), त्यांचे भाऊ हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब (रह.), आणि बुऱ्हाणुद्दीन यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी (रह.) हे सगळे इथे आराम करतात. जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यात पैरहन-ए-मुबारक आहे. ईद-ए-मिलादला त्याच्या जियारतीसाठी लांबून लोक येतात. याच दर्ग्याच्या आवारात बादशाह औरंगजेबची कबर आहे. वर छत नाही, मातीत सब्जा उगवलेला. १७०७ साली अहमदनगरला त्याचा इंतकाल झाला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे दफन केले. संगमरवरी जाळी फार नंतरची, लॉर्ड कर्झनच्या काळातली. हल्ली तिथे बंदोबस्त असतो. आम्ही फातेहा पढून पुढे निघालो. समोर रस्त्याच्या पलीकडे हजरत बुऱ्हाणुद्दीन यांचा दर्गा. तिथे हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक पहिला निजामही आहे. औरंगाबाद शहर ज्याने वसवले, त्या मलिक अंबरची कबरही याच गावात.

पण आम्हाला ओढ होती ती मुख्य दर्ग्यांच्या वर्दळीपासून बाजूला असलेल्या एका साध्या मजारीची. ती अमीर हसन सिज्जी देहलवी यांची. ते फारसीचे मोठे गझलकार. बी.ए.ला उर्दू असलेल्या आम्हा मुलींना त्यांचे नाव अमीर खुसरोंच्या नावाबरोबरच शिकवले होते, कारण ते दोघे जानी दोस्त. दोघे तरुणपणी सुलतान बल्बनच्या शहजाद्याच्या चाकरीत मुलतानला होते. १२८५ साली मोगोलांशी लढताना तो शहजादा मारला गेला आणि दोघांनी त्याचा मर्सिया आपापल्या परीने लिहिला. पुढे दोघेही हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे मुरीद झाले. हसन यांनी आपल्या पीरांच्या मजलिशीत जे ऐकले ते वर्षानुवर्षे टिपून ठेवले आणि त्यातून 'फवाइद-उल-फुआद' हा ग्रंथ झाला. त्यासाठी खुसरो आपली सगळी पुस्तके देऊन टाकायला तयार होते, असे सांगतात. दोस्ताच्या कामाची याहून मोठी दाद कोणती?

१३२५ साली आधी पीर गेले, आणि काही महिन्यांत खुसरोही गेले. दोघे दिल्लीत एकाच आवारात विसावले आहेत. दोनच वर्षांनी राजधानी हलली आणि हसन दौलताबादला आले. वय सत्तरीच्या पुढे. परत जाणे झाले नाही. त्यांची कबर इथे दख्खनच्या डोंगरावर, दोस्ताची कबर दिल्लीत. इथे एक जुनी समजूत आहे : अभ्यासात कच्च्या मुलांना हसन यांच्या मजारीवरची साखर चाटायला देतात. शिक्षिका म्हणून आमचा भर अर्थातच उजळणीवर. पण सातशे वर्षांपूर्वीच्या एका शायराकडे आजही आया मुलांना घेऊन येतात, एवढे खरे.

अंगणातली गझल

जुहरची नमाज झाली होती. दर्ग्याच्या अंगणात आम्ही सावली धरून बसलो. दोन कव्वाल हार्मोनियम आणि ढोलक घेऊन बसले होते. ऐकणारे फार नव्हते, दहा-बारा माणसे, दोन-चार लहान मुले. त्यांनी आधी एक नात म्हटली. मग हार्मोनियमवर थोडे सूर फिरवले आणि सुरू केली ती सिराज औरंगाबादींची गझल.

पहिल्या चार शब्दांतच आमच्यातली एक ताठ बसली. दुसरीने तिचा हात धरला. "अगे, ये तो अपना वाला है!"

सिराज हे याच मातीतले. अठराव्या शतकात औरंगाबादेत जगले, तिथेच वारले. तरुणपणी त्यांच्यावर वेडाची लहर यायची, ते भटकत राहायचे. पुढे चिश्ती सिलसिल्यात मुरीद झाले आणि पीरांनी सांगितले म्हणून ऐन बहरात शायरी थांबवली. जे लिहून झाले होते ते त्यांच्या पीरभावाने गोळा करून दीवान तयार केला. त्यातली ही गझल सगळ्यात गाजलेली. कव्वालांनी गायली, आबिदा परवीन यांनी गायली. इश्कने माणसाची शुद्ध हरपते, मग 'मी' आणि 'तू' हा हिशेबच शिल्लक राहत नाही, असा तिचा गाभा. बहर-ए-कामिलमध्ये आहे, एकच अरबी गण चार वेळा येतो, त्यामुळे म्हणताना झुल्यावर बसल्यासारखे होते. शिकवणाऱ्याला हा अनुभव नेहमीचा आहे : नुसती वाचलेली कविता मुले परीक्षेनंतर विसरतात, चालीवर म्हटलेली चाळीस वर्षे जात नाही. आणि चाल परत आली की ती एकटी येत नाही. ती शिकवणारा आवाज, तो वर्ग, खिडकीतून येणारे ऊन, शेजारी बसलेली मुलगी, सगळे तिच्याबरोबर येते.

आमच्यासाठी ही गझल म्हणजे उदगीरवाली. तिच्या अब्बांना शायरीचा शौक होता आणि तिला ही गझल त्यांच्याकडून मिळाली होती, त्यांच्याच चालीत. कव्वालांची चाल निराळी, तिची निराळी. ती हळू म्हणायची, जवळजवळ बोलल्यासारखी. वसतिगृहात रात्री दहाला दिवे बंद करायचा नियम होता. दुसऱ्या दिवशीचे पाठ टाचण अर्धे राहिलेले असायचे. सूक्ष्म अध्यापनाच्या तासाला पाच मिनिटांत काय काय कोंबायचे याची चिंता असायची. अंधारात ती ही गझल म्हणायची आणि आम्ही ऐकता ऐकता झोपायचो. त्या गझलेत अक्कलेचे पुस्तक कोनाड्यात पडून राहिल्याचा एक शेर आहे. तो आला की आम्ही तिघी अंधारात खुदकन हसायचो, कारण आमची शैक्षणिक मानसशास्त्राची जाडजूड पुस्तके खरेच कोनाड्यात पडलेली असायची.

कव्वाल गात होते आणि आमच्या ओठांवर तिची चाल येत होती. दोन चाली एकमेकींत अडकत होत्या. गाणे संपल्यावर आम्ही हळू आवाजात आपसात ती गझल तिच्या चालीत जुळवायला बसलो. एकीला मतला आणि पुढचा शेर आठवत होता. दुसरीला पुस्तकाचा शेर. तिसरीने मक्ता म्हटला. मध्ये एक जागा रिकामी राहत होती. तिथे आरशाचा उल्लेख असलेला शेर आहे, हे तिघींना माहीत, पण तो जिभेवर येईना. "मोबाइल पे देख ना," एक म्हणाली. पाहिले. शब्द क्षणात मिळाले. पण त्या शेराच्या पहिल्या ओळीत ती कुठेतरी सूर वर नेऊन थांबायची, तेवढे काही केल्या जमेना. शब्द मोबाइलवर आहेत, पुस्तकात आहेत. ते थांबणे फक्त तिच्याकडे आहे.

एक रदीफ, दोन अर्थ

या गझलेची रदीफ आहे 'रही'. प्रत्येक शेर त्याच शब्दावर येऊन टेकतो. मराठीत आपण म्हणू 'राहिली'. मराठी शिकवताना या शब्दाशी आमची रोजची गाठ. 'ती इथे राहिली' म्हणजे थांबली, टिकली. आणि 'ती भेटायची राहिली' म्हणजे भेट झालीच नाही. उर्दूतला 'रही' आपल्या मराठीत आला की त्याला हा दुसरा अर्थ फुटतो. उदगीरवाली आमच्यात राहिली, आणि उदगीरवालीला भेटायचे राहिले. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत.

तसे पाहिले तर काही बिघडले नव्हते. भांडण नाही, रुसवा नाही. मैत्री तुटते तेव्हा निदान तारीख तरी आठवते; सुटत जाते तेव्हा तेही नसते. निकाल लागल्यावर सुरुवातीला आंतरदेशीय पत्रे यायची. तिच्या घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांचा पी.पी. नंबर होता. फोन लावला की पलीकडून कुणीतरी ओरडून तिला बोलवायचे आणि ती येईपर्यंत आम्ही कॉइन बॉक्समध्ये दुसरे नाणे टाकून उभ्या असायचो. मग तिचे लग्न ठरले, हैदराबादला. लग्नाला आमच्यातली एकच पोहोचू शकली. एकीची शिक्षणसेवक म्हणून नुकतीच नेमणूक झाली होती, एकीच्या घरी मय्यत झाली होती. नंतर ऐकले की ती शौहरबरोबर सौदीला गेली. पी.पी. नंबर बंद झाला. शेजारी घर विकून गेले असतील.

पुरुषांच्या दोस्तीला गाव सांभाळून ठेवते. तेच नाव, तीच मशीद, तोच चौक. पंचवीस वर्षांनी परतलेला माणूस चहाच्या दुकानावर विचारतो आणि अर्ध्या तासात दोस्त समोर हजर होतो. बाईचे गाव बदलते, कागदावरचे आडनाव बदलते, नंबर बदलतो. फेसबुकवर शोधायचे तर माहेरच्या नावाने ती नसते, आणि सासरचे नाव आपल्याला ठाऊक नसते. समजा सापडलीच, तर डीपीवर काबा शरीफ नाहीतर गुलाबाचे फूल. तशी शेकडो फुले आम्ही पाहिली. त्यातले तिचे कोणते, हे कसे ओळखायचे?

आम्ही तिघी तरी कशा भेटलो? दोघींची गाठ शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात पडली. हजेरीपत्रकावर सही करताना एकीने दुसरीचे अक्षर ओळखले. चेहरा ओळखायला वेळ लागला, कारण मध्ये वीस वर्षे गेली होती. पण तिचा तो लांब शेपटीचा 'य' काही बदलला नव्हता. तिसरीचा नंबर तिच्या भावाच्या दुकानातून मिळाला. म्हणजे नोकरी नसती, सही करायची वेळ आली नसती, तर आम्हीही एकमेकींसाठी गुलाबाची फुलेच झालो असतो. आमच्या वर्गातल्या ज्या मुली लग्नानंतर घरी बसल्या, त्यांच्यातली एकही आम्हाला सापडलेली नाही. मुलींनी शिकावे, नोकरी करावी याची पुष्कळ कारणे आपण सभेत सांगतो. आपले स्वतःचे नाव कुठल्यातरी कागदावर शिल्लक राहते, हेही एक कारण आहे, ते सहसा कुणी सांगत नाही.

विखुरलेली पाने

हसन यांच्या मजारीजवळ आणखी एका विद्वानाची कबर आहे, गुलाम अली आझाद बिलग्रामी यांची. अरबी-फारसीचे नामवंत पंडित. उत्तरेतल्या बिलग्रामहून आले आणि औरंगाबादचेच झाले. शहरात काही वर्षे त्यांचा मुक्काम बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात, म्हणजे आजच्या पाणचक्कीत होता. १७८६ साली वारले. त्यांचे दोस्त होते शाहनवाज खान, निजामाच्या दरबारातले मोठे सरदार. त्यांनी मोगल दरबारच्या उमरावांची चरित्रे लिहायला घेतली होती, 'मआसिर-उल-उमरा'. १७५८ साली औरंगाबादेत दरबारी भानगडीत शाहनवाज खान मारले गेले. घर लुटले गेले. हस्तलिखिताची पाने कुठल्या कुठे गेली.

आझाद यांनी ती पाने शोधायला घेतली. मारल्या गेलेल्या माणसाचे दोस्त म्हणवून घेणे त्या दिवसांत सोपे नसणार. तरी त्यांनी विचारपूस करून, शोधून, पाने जमवली, लावली, पुढे प्रस्तावना आणि दोस्ताचे चरित्र लिहिले. मग शाहनवाज खानांच्या मुलाने, अब्दुल हई यांनी, त्यात भर घालून ग्रंथ पुरा केला. आज मोगल इतिहास लिहिणारा कुणीही त्या ग्रंथाला टाळून पुढे जाऊ शकत नाही.

एका दोस्ताची कबर दूर राहिली, दुसऱ्याची पाने सापडली. रौजाच्या या कोपऱ्यात दोन्ही गोष्टी पावलांच्या अंतरावर आहेत. आम्ही तिथे उभ्या राहून दुआ मागितली. नेहमी मागतो तशी, आईबापांसाठी, लेकरांसाठी. आणि मग नाव घेऊन उदगीरवालीसाठी. ती हयात आहे असेच आम्ही धरून चाललो आहोत. अल्लाह तिला सलामत ठेवो.

परतीच्या वाटेवर पाणचक्कीत थांबलो. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून काही किलोमीटर आणून उंचावरून हौदात सोडले आहे. त्याच पाण्यावर एके काळी चक्की फिरायची आणि खानकाहतल्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळले जायचे. बी.एड.च्या दिवसांत आम्ही रविवारी इथे यायचो. वडाच्या सावलीत चौघींत दोन प्लेट भेळ. तो वड अजून आहे. त्याच कट्ट्यावर बसून आम्ही तिघींनी कामे वाटून घेतली. निरोप समारंभाच्या वहीत उदगीरवालीने तिच्या गल्लीचे नाव लिहिलेले आहे. परभणीवालीला मार्चमध्ये परीक्षेच्या कामासाठी लातूरला जावे लागते, तिथून उदगीर जवळ. ती त्या गल्लीत जाऊन विचारणार. जालनावाली हैदराबादच्या नातेवाइकांना विचारणार. सिल्लोडवाली बी.एड.च्या महाविद्यालयातल्या जुन्या नोंदवहीतून तिचा कायमचा पत्ता मिळतो का ते पाहणार. आझाद यांच्याकडे एवढेही नव्हते.

घरी परतल्यावर आणखी एक गोष्ट आम्ही केली. आपापल्या लेकींना एक वही दिली आणि सांगितले, यात मैत्रिणींची पूर्ण नावे लिहा, त्यांच्या आईवडिलांची नावे लिहा, गाव आणि मोहल्ला लिहा. मोबाइल हरवतो, सिम बदलते. लेकी हसल्या. हसू देत. वही कोनाड्यात पडून राहिली तरी चालेल, वेळेला तिथेच सापडेल.

हा मासिकाचा अंक उदगीरलाही जातो, हैदराबादच्या काही घरांतही जात असेल. एखाद्या घरी कुणी बाई रात्री दिवा मालवल्यावर सिराज यांची ती गझल हळू, बोलल्यासारखी म्हणत असेल आणि आरशाच्या शेरावर सूर वर नेऊन क्षणभर थांबत असेल, तर तिला सांगावे की औरंगाबादच्या वसतिगृहातल्या तिघी तिला विचारत होत्या. मासिकाच्या पत्त्यावर चार ओळी टाकल्या तरी आमच्यापर्यंत पोहोचतील. पुढच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पुन्हा रौजाला जाणार आहोत, इन्शाअल्लाह. गाडीत चौथी जागा रिकामी ठेवणार आहोत.